जमिनीवर मांडलेला ड्रमसेट : त्रिलोक गुर्टूंच्या वादनाचा एक प्रकरण अभ्यास

नायलॉनच्या तारांची गिटार, बास गिटार आणि तालवाद्यं. वादक तिघंच. इंग्रज गिटारवादक जॉन मॅक्लॉफ्लिन यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी बांधलेल्या या संचात तालाची सगळी बाजू मुंबईच्या त्रिलोक गुर्टूंकडे होती. २७ नोव्हेंबर १९८९ रोजी लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेली त्यांची मैफल ध्वनिमुद्रित झाली आणि १९९० मध्ये अल्बमच्या रूपात बाहेर आली. बासवर काई एकहार्ट होते. जगभरच्या तालपरंपरा एकाच माणसाच्या हातात येतात तेव्हा नेमकं काय घडतं, हे समजून घ्यायला मला या मैफलीहून चांगलं उदाहरण सापडलेलं नाही. इथे पाहुण्या कलाकारांची गर्दी नाही. प्रत्येक आघात सुटा ऐकू येतो, आणि तो त्याच क्षणी का आला असेल याचा विचार करायला श्रोत्याला अवकाश मिळतो.

अडचण काय होती

अशा संचात तालवादकाची दोन्हीकडून कोंडी होते. नेहमीचा ड्रमसेट वाजवावा, तर नायलॉनच्या तारेचा मऊपणा स्नेअर (खाली तारा ताणलेला, करकरीत आवाजाचा छोटा ड्रम) आणि पायानं वाजणाऱ्या बास ड्रमच्या दणक्याखाली जातो. ध्वनिवर्धकानं गिटारचा आवाज मोठा करता येतो, पण तिचा पोत टिकत नाही. वादक मग जोरात वाजवायला लागतो, समोरचाही आवाज चढवतो, आणि अर्ध्या तासात मैफलीतला नाजूकपणा संपलेला असतो.

नुसता तबला घ्यावा, तर दुसरीच अडचण. जॅझमध्ये झांजेवर अखंड चालणारा ठेका बाकीच्यांना लय दाखवत असतो. तबल्याचा नाद चटकन विरतो, त्यामुळे हे काम तो एकट्यानं भागवू शकत नाही. त्याहून मोठा प्रश्न स्वराचा. तबल्याच्या पुडीवरची शाई, म्हणजे मधला काळा लेप, मध्यभागी वजन घालते आणि त्यामुळे तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. साध्या कातड्याच्या ढोलात तसं होत नाही. सी. व्ही. रामन यांनी १९२० मध्ये ही गोष्ट शास्त्रीय पद्धतीनं मांडली. तबल्याला स्वर आहे तो यामुळे, आणि आपल्याकडे तो गायकाच्या षड्जाला मिळवला की काम झालं, कारण षड्ज रात्रभर बदलत नाही. जॅझमध्ये स्वरसंगती काही मात्रांनी बदलते. एका स्वरात मिळवलेला तबला मग मधूनच खटकायला लागतो. वादकाला किनारीवरचे आणि मिटलेले बोल कुठे वापरायचे, खुला नाद कुठे सोडायचा, याचं भान दर आवर्तनाला ठेवावं लागतं.

मैफलीतल्या रचनाही एका जातीच्या नव्हत्या. सुरुवात अमेरिकी जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिस यांच्या १९५९ सालच्या अल्बममधल्या एका अतिसंथ रचनेनं होते. पुढे ब्लूज आहे, दीर्घ लयप्रधान रचना आहे, स्वतः गुर्टूंची एक रचना आहे. एका माणसानं यातलं प्रत्येक वाजवायचं आणि दर वेळी वाद्य बदलतोय असं वाटू द्यायचं नाही, अशी ती अट होती.

हा माणूस तिथवर आला कसा

गुर्टूंचा जन्म ३० ऑक्टोबर १९५१ चा, मुंबईतला. आई ठुमरीगायिका शोभा गुर्टू. शोभाताई मूळच्या बेळगावच्या, माहेरच्या भानुमती शिरोडकर. त्यांच्या आई मेनकाबाई शिरोडकर नर्तकी होत्या आणि अल्लादिया खाँसाहेबांकडे शिकल्या होत्या. शोभाताईंनी कोल्हापुरात भुर्जी खाँकडे सुरुवात केली आणि नंतर मुंबईत घम्मन खाँकडून ठुमरी-दादऱ्याची तालीम घेतली. हे घराणं सांगण्याचं कारण पुढे येईल. त्रिलोक यांनी अब्दुल करीम यांच्याकडे तबला शिकला. थोरले भाऊ रवी गुर्टू हिंदी सिनेसंगीतातले तालवादक. ते ड्रमसेटही वाजवत आणि इतर तालवाद्यंही, म्हणजे एका माणसानं अनेक वाद्यं हाताळणं या घराला नवं नव्हतं.

पाश्चात्त्य संगीत त्यांनी तबकड्या ऐकून उचललं, आणि त्यातली एक गोष्ट त्यांनी स्वतः १९९५ मध्ये अमेरिकी रॉक गिटारवादक जिमी हेन्ड्रिक्सवरच्या एका दूरचित्रवाणी कार्यक्रमात सांगितली आहे. ध्वनिमुद्रणात एकावर एक थर चढवतात, आधी एक वाद्य मुद्रित करून त्यावर दुसरं घालतात, हे त्यांना त्या वेळी ठाऊकच नव्हतं. तबकडीवर जे काही ऐकू येतंय ते एकाच वेळी वाजवलेलं आहे अशा समजुतीनं ते शिकत गेले, आणि इतर वादक ज्यांच्या वाटेलाही गेले नसते असे अनेक भाग एकदम वाजवायची त्यांच्यावर वेळ आली. लंडनच्या मैफलीत दोन माणसं वाजवताहेत असा भास होतो त्याचं मूळ मला इथे दिसतं. कुणी शिकवणारा शेजारी असता तर त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की हे एकट्याचं काम नाही.

सत्तरच्या दशकात ते युरोपात वाजवू लागले. चार्ली मारियानो, डॉन चेरी, टेरिए रिपडाल अशा वादकांबरोबर त्यांनी काम केलं. १९७७ मध्ये एम्ब्रिओ या जर्मन संचाच्या अल्बमवर ते होते आणि त्याच अल्बमवर शोभाताईही गायल्या आहेत.

मग ८ नोव्हेंबर १९८४. ऑरेगन या अमेरिकी संचाचे तालवादक कॉलिन वॉलकॉट पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना मोटार अपघातात गेले. वॉलकॉट हे सतार रविशंकरांकडे आणि तबला अल्लारखाँकडे शिकलेले अमेरिकन. डॉन चेरी आणि ब्राझीलचे नाना वास्कोन्सेलोस यांच्यासोबत त्यांचा आणखी एक संचही होता. त्यांच्या जागी ऑरेगनमध्ये गुर्टू आले आणि १९८७ ते १९९१ मधल्या तीन अल्बमांवर ते आहेत. ही अदलाबदल मला फार बोलकी वाटते. एक अमेरिकन भारतीय वाद्यं शिकून जी जागा तयार करतो, तिथे पुढे एक भारतीय येतो, तोही पाश्चात्त्य वाद्यं पचवून. ऑरेगनचं संगीत मुळात हलक्या हाताचं, लाकडी आणि तारेच्या वाद्यांचं. अकूस्टिक वाद्यांमध्ये राहून त्यांना न दाबता वाजवायची सवय त्यांना तिथे लागली असणार, आणि मॅक्लॉफ्लिनच्या संचात नेमकी तीच हवी होती.

बैठक

गुर्टूंनी या अडचणीवर काढलेला मार्ग मंचावर पाहिल्यापाहिल्या दिसतो. ते ड्रमसेटच्या स्टुलावर बसत नाहीत. अर्धवट गुडघ्यावर, अर्धवट बैठक मारून जमिनीलगत बसतात आणि तबला-डग्गा, पाश्चात्त्य ड्रम, झांजा, खुळखुळे असं सगळं त्या उंचीला आणून ठेवतात.

वरकरणी हे एक वैशिष्ट्य म्हणून सांगितलं जातं, पण माझ्या मते बाकीचं सगळं वादन या बैठकीवर उभं आहे. डग्ग्याचा घुमारा कसा निघतो ते पाहा. मनगटालगतचा तळहाताचा भाग पुडीवर टेकलेला असतो, बोटं आघात करतात आणि त्याच क्षणी तळहात दाबत पुढे सरकतो, त्यामुळे स्वर वर चढतो. हा दाब नुसत्या मनगटाचा नसतो, तो खांद्यापासून खाली उतरतो. तबलजी जमिनीवर बसतो तेव्हा डग्गा त्याच्या कोपराच्या खाली असतो आणि हाताचं वजन आपोआप वापरता येतं. स्टँडवर चढवलेल्या डग्ग्यावरही वाजवता येतं, अनेक जण वाजवतात, पण कोपराचा कोन बदलला की मींड, म्हणजे स्वराचं सरकणं, उथळ होते. गुर्टूंनी तबला जिथे होता तिथेच ठेवला आणि ड्रमसेटला खाली उतरवलं.

त्याची किंमत पायाला मोजावी लागली. लुडविग बंधूंचं बास ड्रमचं पेडल १९०९ च्या सुमारास आलं आणि त्यामुळे एकाच माणसाला बसून सगळे ड्रम वाजवणं सोपं झालं. पण ते सगळं यंत्र वादक उंच बसलाय आणि त्याचा गुडघा काटकोनात आहे असं गृहीत धरूनच बनवलेलं आहे. जमिनीलगत बसलेल्याला ते नीट दाबता येत नाही. म्हणून गुर्टूंनी आपल्यापुरता वेगळाच बास ड्रम करून घेतला. त्यात मोठ्या पिंपासारखं खोड नाही, ताणलेली पुडी तेवढी दिसते. तिचा नाद खोल पण आटोपशीर आहे, आणि गिटारला मोकळं सोडायला हा आटोपशीरपणा कामी आला. शरीराच्या सोयीसाठी केलेला बदल आवाजाच्या प्रश्नालाही लागू पडला, असं इथे झालेलं दिसतं.

यात परंपरेशी द्रोह झाला असं कुणी म्हणेल, तर ड्रमसेटचाच इतिहास आठवावा. लष्करी वाद्यवृंदातले स्नेअर आणि बास ड्रम, तुर्की झांजा, चिनी टॉम-टॉम अशा गोष्टी अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एकत्र आल्या आणि त्यातून हे वाद्य बनलं. त्यात आणखी एक तबला आला म्हणून बिघडत काही नाही.

पाण्याची बादली

त्यांच्या मांडणीतली सर्वांत जास्त लक्षात राहणारी वस्तू म्हणजे पाण्यानं भरलेली बादली. वाजवलेली झांज किंवा शिंपल्यांची माळ ते तिच्यात बुडवतात आणि बाहेर काढतात.

कंप पावणारा धातूचा पत्रा पाण्यात शिरला की पत्र्याला आपल्याबरोबर पाणीही हलवावं लागतं. भार वाढतो, कंपनं मंदावतात आणि स्वर उतरतो. वर उचलला की पुन्हा चढतो. जलतरंगाच्या वाडग्यात पाणी वाढवलं की स्वर खाली येतो तोही यामुळेच. फरक इतकाच की जलतरंगात वादनापूर्वी पाणी मोजून स्वर पक्का करतात आणि गुर्टू स्वर निघाल्यानंतर तो वाकवतात. अमेरिकी संगीतकार जॉन केज यांनी १९३०च्या दशकाच्या अखेरीस घंटा पाण्यात बुडवण्याची युक्ती वापरली होती, त्यामुळे कल्पना अगदीच नवी म्हणता येणार नाही. पण गुर्टूंच्या हातात तिला वेगळा अर्थ येतो. डग्ग्याच्या मींडेवर ज्याचा कान घडला आहे त्याला धातूचा स्वर ताठ वाटणारच. झांजेला मींड नाही. बादलीमुळे ती मिळते. मला तरी हे प्रयोगापेक्षा सवयीतून आलेलं वाटतं: जे डावा हात आयुष्यभर करत आलाय, तेच उजव्या हातातल्या धातूकडूनही करून घ्यायचं.

बोल

वाद्यं इतकी वेगवेगळी असताना वादन विस्कळीत का होत नाही, याचं उत्तर बोलांमध्ये, म्हणजे आघातांना दिलेल्या अक्षरांमध्ये, आहे. गुर्टू मैफलीत तोंडानं बोल म्हणतात. मॅक्लॉफ्लिन यांनी सत्तरच्या दशकात शक्ती या संचात एल. शंकर, झाकिर हुसेन, विक्कू विनायकराम यांच्याबरोबर काढलेली वर्षं असल्यामुळे कोन्नकोलची, म्हणजे कर्नाटक संगीतात तालाचे बोल तोंडानं म्हणण्याच्या पद्धतीची, भाषा त्यांनाही येते. दोघांमध्ये मग मंचावर बोलांची देवाणघेवाण चालते.

एक साधी तिहाई, म्हणजे तीनदा म्हणून समेवर संपवायचा तुकडा, घेऊन पाहू. सम म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा. ‘तिट कत गदि गन धा’ हा पाच मात्रांचा तुकडा. तो तीनदा म्हणायचा आणि मध्ये एकेक मात्रा सोडायची. पाच, एक, पाच, एक, पाच, मिळून सतरा. सोळा मात्रांच्या त्रितालात समेवर सुरू केली तर शेवटचा धा पुढच्या समेवर पडतो. आता हीच सोळा मात्रांची जागा जॅझवादकाच्या हिशोबात चार-चार मात्रांचे चार खंड असते. त्याच्या दृष्टीनं पहिला धा दुसऱ्या खंडाच्या पहिल्या मात्रेवर येतो, ठीक वाटतं. दुसरा धा तिसऱ्या खंडाच्या मधोमध, तिसऱ्या मात्रेवर पडतो आणि त्याला वाटतं की तालवादक सरकला. तिसरा धा थेट नव्या आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर. बासवादकानं मधल्या धाला भुलून आपली जागा सोडली की सगळं कोसळतं. काई एकहार्ट या मैफलीत ती सोडत नाहीत, आणि त्यांच्या वादनाचं कौतुक फार कमी होतं म्हणून मुद्दाम लिहितो. तिहाईची गंमत खालचा ठेका अढळ राहिला तरच कळते. आपल्याकडे ते काम लेहरा, म्हणजे एकच सुरावट पुन्हा पुन्हा, धरणारा पेटीवाला करतो.

एकदा तुकडा जिभेवर बसला की तो कुठल्याही वाद्यावर उतरवता येतो. ‘तिट’ स्नेअरवर, ‘धा’ बास ड्रम आणि झांजेवर मिळून, ‘गदिगन’ डग्ग्यावर. वाद्यं बदलली तरी वाक्य तेच राहतं, म्हणून ऐकणाऱ्याला तुकडे जोडल्यासारखं वाटत नाही.

ठुमरीची साथ

हा भाग माझं स्वतःचं अनुमान आहे, पण त्याबद्दल मला बरीच खात्री वाटते. गुर्टूंच्या वेगाबद्दल भरपूर बोललं जातं. लंडनच्या मैफलीत मला त्याहून मोठी वाटते ती त्यांची थांबण्याची तयारी. गिटारची लांब ओळ चालू असताना ते कितीतरी वेळ जवळजवळ काहीच करत नाहीत. झांजेला एखादा स्पर्श, खुळखुळा, पुन्हा शांतता. ओळ संपली की मगच भरतात.

ही शिस्त मला ठुमरीच्या साथीची वाटते. ठुमरीत गायिका दीपचंदीसारख्या ठेक्यात एकच ओळ घेऊन तिचा बोलबनाव करत राहते, दर वेळी शब्दाला नवा रंग. त्या वेळी तबलजीनं ठेका सोडून काही दाखवायला जाऊ नये, हा संकेत. ओळीतला श्वास बिघडतो. मग शेवटी गायिका ओळ धरून ठेवते, तबला केरव्यात दुगुणीत शिरतो आणि लग्गी, म्हणजे तबल्याचा जलद, मोकळा भाग, सुरू होते. तेवढा वेळ त्याचा. लग्गी संपली की तिहाई, आणि परत मूळ ठेका. संयम आणि मोकळीक यांच्या जागा ठरलेल्या असतात.

मैफलीतल्या सर्वांत लांब रचनेचा आकार ऐकताना मला हेच दिसतं. आधी दीर्घ संयम, मग तालवादकाला पूर्ण मोकळं रान, आणि पुन्हा सगळ्यांसोबत येणं. शोभाताईंची ठुमरी ज्या घरात रोज कानावर पडत होती तिथे वाढलेल्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागलं नसेल. १९८८ मध्ये आलेल्या त्यांच्या पहिल्या स्वतंत्र अल्बमवर, ‘उसफ्रेत’वर, त्यांनी आईला गायला बोलावलं आणि त्याच अल्बमवर डॉन चेरी आणि ऑरेगनचे राल्फ टाउनरही आहेत. तो आणि लंडनची मैफल पाठोपाठ ऐकल्यास मी काय म्हणतोय ते सहज लक्षात येईल.

पुढे काय झालं

तिघांचा संच १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला संपला. त्यानंतर गुर्टूंनी स्वतःचे संच बांधले आणि ‘डाउनबीट’ मासिकाच्या समीक्षकांच्या कौलात सर्वोत्तम तालवादक म्हणून १९९४, १९९५ आणि १९९६ अशी सलग तीन वर्षं त्यांचं नाव आलं, पुढेही अनेकदा आलं. जो झाविनुल, पॅट मेथिनी, यान गारबारेक यांच्याबरोबर त्यांनी मुद्रणं केली. २००० सालच्या अल्बममध्ये ते आफ्रिकी गायिकांकडे वळले. २००४ च्या अल्बमवर इटलीचा तंतुवाद्य संच, रशियातल्या तुवाचे कंठगायक आणि आयर्लंडचे गिटारवादक गॅरी मूर असे सगळे आहेत.

या नंतरच्या अल्बमांबद्दल माझं मत मिश्र आहे. त्यांत सुंदर जागा आहेत, पण पाहुणे वाढले की गुर्टूंची ती थांबण्याची ताकद झाकली जाते. प्रत्येकाला जागा द्यायची तर रचना आधीच आखून ठेवावी लागते, आणि आखलेल्या रचनेत वाट पाहायला काही उरत नाही. तिघांच्या मैफलीत पुढच्या क्षणी काय होणार हे त्या तिघांनाही माहीत नसतं.

जागतिक तालसंगीतात त्याच काळात दुसऱ्या वाटाही तयार होत होत्या. झाकिर हुसेन १९९१ च्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये मिकी हार्ट, बाबातुंडे ओलातुंजी, आयर्तो मोरेरा यांच्यासोबत बसले ते तबला घेऊनच. प्रत्येक जण आपापल्या वाद्याशी राहिला आणि मेळ मधोमध जमला. त्या अल्बमला जागतिक संगीताचं पहिलं ग्रॅमी मिळालं. तौफिक कुरेशी यांनी तिसरा मार्ग धरला: पश्चिम आफ्रिकेचा जेंबे हा हातानं वाजवायचा ढोल घेतला आणि तबल्याचे बोल त्यावर बसवले. वाद्य आफ्रिकेचं, बोल तबल्याचे.

शिकण्याच्या दृष्टीनं तौफिकभाईंची वाट सर्वांत सोपी ठरली आहे. जेंबे दुकानात मिळतो, बोल तबल्याच्या विद्यार्थ्याला आधीच येतात, राहतो तो हात बसवण्याचा प्रश्न. मुंबईत ही पद्धत आता गुरुशिष्य परंपरेनं पुढेही जाते आहे. गुर्टूंच्या मांडणीचं तसं झालेलं नाही. जमिनीवरचा तो ड्रमसेट त्यांच्या गुडघ्याच्या, कोपराच्या आणि डाव्या तळहाताच्या मापानं घडला आहे. तसा बास ड्रम करून घ्यायचा तर कारागीर शोधण्यापासून सुरुवात करावी लागेल आणि बैठकीची सवय व्हायला काही वर्षं द्यावी लागतील. तबल्याच्या ज्या विद्यार्थ्यांना या दिशेनं जायचंय त्यांना मी आधी मांडणीची छायाचित्रं पाहू नका असं सांगेन. लंडनची मैफल फक्त बासकडे कान लावून एकदा ऐका, मग फक्त गिटारकडे, आणि गुर्टू कुठे कुठे वाजवत नाहीत त्या जागा वहीत टिपून ठेवा.